चौरंगावरचा लॅपटॉप

पहाटे साडेपाच

मे महिन्यात नेवासा तालुक्यात काम उरकायचं ते ऊन चढायच्या आत. शेतातल्या कामाचं जे, तेच माझ्या लॅपटॉपवरच्या कामाचं. मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, सातबारा, आठ-अ, पीएम किसानची केवायसी, शेतकरी ओळखपत्र, कुणाचं वीजबिल, कुणाच्या मुलीचा अकरावीचा अर्ज. दहावीचा निकाल लागला की जून संपेपर्यंत दारातली रांग हटत नाही. पोर्टलही नेमकं तेव्हाच रेंगाळतं, कारण सगळा महाराष्ट्र एकाच वेळी त्यावर बसलेला असतो. पहाटे ते बरं चालतं. म्हणून काल अडकलेले अर्ज मी पहाटे मार्गी लावते.

पण अंथरुणात बसून नाही. मांडी घालून, पुढ्यात उशी आणि उशीवर लॅपटॉप, असं बसायला सोपं वाटतं. त्यात दोन्हीकडून मार बसतो. उशीत लॅपटॉपची खालची जाळी बुजते, हवा कोंडते, पंखा घरघरायला लागतो. आणि आपण पाठीची कमान करून त्यावर ओणवतो. पहाटेचं तासाभराचं कामही मी केंद्रात जाऊन, टेबलाशी बसूनच करते. केंद्र घराला लागूनच आहे, ओटा ओलांडला की झालं.

त्यानंतर झाडलोट, धारा, भाकरी. हे मुद्दाम सांगते. बसण्याबद्दलचे सगळे सल्ले माणूस ताजातवाना होऊन खुर्चीत आलाय असं धरून दिलेले असतात. खेड्यातल्या बाईचं तसं नसतं. ती कॉम्प्युटरसमोर येते तोवर वाकून अंगण झाडून झालेलं असतं, उकिडवं बसून गाईची धार काढून झालेली असते, चुलीपुढे भाकरी थापून झालेल्या असतात. कंबर आधीच भरून आलेली असते. तिच्यासाठी खुर्ची ही नुसती बसायची जागा नाही. तिथे तिच्या पाठीला दिवसातला पहिला टेका मिळायला हवा.

सकाळी आठ

शटर वर केलं की पहिलं काम मांडणीचं. या अर्ध्या तासावर माझा उरलेला दिवस अवलंबून असतो.

लॅपटॉपमध्ये मुळातच एक अडचण आहे. पडदा आणि बटणं एकाच बिजागरीला जोडलेली. बटणं हाताला सोयीची ठेवली तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात अधांतरी राहतात, खांदे कानाशी येतात. वस्तू केली ती प्रवासात, बैठकीत, थोडा वेळ वापरायला. आपण तिच्यावर दहा-दहा तास दाखले काढतो. तेव्हा दिवसभर काम करणाऱ्याने पडदा आणि बटणं यांची फारकत करायची, याला दुसरा इलाज नाही.

माझा लॅपटॉप चौरंगावर असतो. घरातला जुना सागवानी चौरंग टेबलावर ठेवलाय, त्यावर लॅपटॉप. पडद्याची वरची कड माझ्या भुवईच्या रेषेत येते. चौरंगाची फळी सपाट असल्याने लॅपटॉपच्या खालून हवा खेळायची नाही, म्हणून सुताराकडून बोटभर जाडीच्या दोन पट्ट्या ठोकून घेतल्यात, त्यावर लॅपटॉप टेकतो. खाली टेबलावर वेगळा वायरचा कीबोर्ड आणि माऊस. नेवाशात काही शेकड्यांत दोन्ही मिळतात. केंद्राला जो काही खर्च येतो, त्यात माझ्या मते हा सगळ्यात सार्थकी लागलेला.

मानेचं गणित एकदा कळलं की माणूस आपणहून सरळ बसतो. डोकं साधारण पाच किलोचं. ते खांद्यांच्या वर तोललेलं असेल तर तेवढाच भार. पुढे झुकलं की भार वाढत जातो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हा हिशोब मांडला होता: मान ६० अंशांत वाकली की मणक्यावर २७ किलोच्या आसपास ताण येतो. युरियाच्या अर्ध्या गोणीहून जास्त वजन मानेवर घेऊन कुणी दिवसभर फिरणार नाही, पण मोबाईल आणि लॅपटॉपपुढे आपण तेच करतो.

लिहिणाऱ्याचं हे दुखणं काही आजचं नाही. आमचं नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. ज्याला टेकून त्यांनी ती सांगितली असं मानतात, त्या पैस खांबाच्या दर्शनाला जाणारे माउलींना हात जोडतात. मला तिथे बाबांची आठवण होते. नऊ हजार ओव्या खाली मान घालून लिहिणारा तो माणूस. जुन्या पोथ्या नकलून काढणारे लेखनिक शेवटच्या पानावर विनवणी लिहून ठेवत, की पाठ, कंबर आणि मान मोडून, मूठ आवळून हे लिहिलंय, तेव्हा पोथीला जीवापाड जपा. त्यांना पोथी जपायला सांगता आली, स्वतःची मान जपायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

खुर्ची माझी साधीच आहे, प्लास्टिकची, बिनहाताची. हात नसल्यामुळे टेबलाला भिडवून बसता येतं. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, माणूस त्यात घसरून बसतो. म्हणून बैठकीवर घडी घातलेली गोधडी आणि कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. टेबल नेहमीचं अडीच फुटी. माझ्या उंचीला ते चढ होतं, गोधडीने मी वर येते आणि पाय मग लोंबकळतात. लोंबकळते पाय मांडीची नस दाबतात, तासाभरात मुंग्या येतात. त्यावर उपाय स्वयंपाकघरातला पाट. पाय त्यावर सपाट टेकले की कंबरही आपोआप सरळ होते.

टायपिंगच्या क्लासला आमच्या सरांनी पहिले काही दिवस बोटं चालवूच दिली नव्हती. कोपर अंगाजवळ, मनगट हवेत, पाठ सरळ, नजर कागदावर. तेवढंच. टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, परीक्षाही आता कॉम्प्युटरवर होते, पण ती शिस्त तशीच्या तशी उपयोगी पडते. मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून तासन् तास टाईप केलं की नस तिथे दाबली जाते. त्या काळी टाईपरायटरच्या शेजारी मजकूर लावायला उभी चौकट असायची. आता ती कुणी ठेवत नाही. लोक आधार कार्ड, रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल टेबलावर आडवा ठेवतात आणि आपण दर ओळीला मान खाली-वर करत राहतो. मी परीक्षेचं क्लिपवालं पॅड घेतलं आणि चौरंगाला टेकवून उभं केलं. कागद त्यात लावायचा. मान आता खाली-वर होत नाही, नजर फक्त बाजूला जाते.

नऊ ते बारा

रांग लागली. पहिल्या नानांपासून शेवटच्या पोरापर्यंत प्रत्येकाला घाई, आणि ती खरीच असते. कुणाला सोनईची एसटी गाठायची असते, कुणाच्या मुलीच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख. माणसाला खुर्चीला जखडून ठेवते ती ही रांग. "ताई, तेवढं माझं करा आन् मग उठा," असं दर वेळी कुणीतरी म्हणतं आणि आपण उठत नाही. लघवीला जायचं टाळतो, म्हणून पाणी प्यायचं टाळतो. मेमध्ये, पत्र्याखाली. बायांना याचा त्रास पुढे कुठवर जातो ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा पाठ जपायची तर आधी रांग लावायला शिकावं लागतं. दाराशी पाटी आहे, आलेल्याने त्यावर नाव लिहायचं आणि लिंबाखाली बाकावर बसायचं. खांद्यावरून डोकावणारं कुणी राहिलं नाही की आपणही खांदे सैल सोडतो. दुसऱ्याचं आधार, दुसऱ्याचं बँकखातं पडद्यावर उघडं असताना मागे गर्दी नसणं हे त्या माणसाच्याही भल्याचं. ओटीपी मोठ्याने सांगू नका, मोबाईल मला दाखवा, हे मी दर माणसाला सांगते. अर्ज पाठवण्याआधी पडदा त्याच्याकडे वळवते आणि नाव, गट नंबर त्याच्याकडून वाचून घेते. कीबोर्ड वेगळा असल्याचा हाही एक फायदा, पडदा फिरवता येतो.

प्रिंटर मी मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलाय. हाताशी ठेवला असता तर काम भरभर झालं असतं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण प्रत्येक प्रिंटला उठावं लागतं, चार पावलं चालावं लागतं, आणि ते रांगेतल्या कुणालाही खटकत नाही. कारण मी त्यांच्याच कागदासाठी उठलेली असते. उठायची आठवण ठेवावी लागत नाही की परवानगी मागावी लागत नाही. पाण्याचा तांब्याही तिथेच, प्रिंटरच्या बाजूला. लॅपटॉपजवळ पाणी आणि चहा दोन्हीला बंदी.

अंगठा घ्यायचं मशीन हे आमच्या कामातलं खास दुखणं. ऊस तोडलेले, कांदा काटलेले हात. रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेतच नाही. मग आपण टेबलावरून आडवं होऊन समोरच्या आक्कांचं बोट धरून दाबतो. दिवसातून कितीदा तरी कंबरेतून पिळून पुढे झुकायचं. लांब वायर लावून मशीन टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसवलं, बोट ओल्या फडक्याने पुसायला लावलं, की माझं झुकणं वाचतं आणि ठसाही लवकर उमटतो. जिथे चेहऱ्यावरून केवायसी चालते तिथे मी तीच करते.

डोळ्यांचं सांगायचं तर, एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्यापुढे ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि आमच्याकडे वर धूळ. टेबलफॅन तोंडावर असेल तर बघायलाच नको. तो मी पाठीमागे ठेवलाय. पडदा दाराला आडवा, म्हणजे दारातून येणारं ऊन ना पडद्यावर चमकतं ना डोळ्यांत येतं. वीस मिनिटांनी, वीस फुटांच्या पलीकडे, वीस सेकंद बघायचं, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा नियम सोपा आहे. माझी नजर दारातून लिंबाच्या शेंड्यावर जाते. तिथून खाली बाकावर कोण आलंय तेही कळतं.

दुपारी एक

जेवण. लाईट गेलेली असते बहुतेक, त्यामुळे शटर अर्धं ओढून घेते.

लाईटीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण मान दुखली तर औषध आहे, शॉक बसला तर वेळ मिळत नाही. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असतो आणि गावातले कितीतरी बोर्ड दोन भोकांचे. मग कुणी वरची जाड पिन मोडतं, कुणी दोन पिनांचा अडॅप्टर लावतं. लॅपटॉप चालतो. पण चार्जिंगला असताना धातूच्या भागावर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. "थोडा करंट मारतोय, काही होत नाही," असं म्हणून लोक सोडून देतात. ती तिसरी पिन अर्थिंगची. चार्जरमध्ये बिघाड झाला तर करंट जमिनीत उतरवायला तोच एक रस्ता. तो मोडला की करंट अंगातून उतरणार.

बरं, बोर्डाला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असंही नाही. आतली वायर कुठेच जोडलेली नसते. केंद्र सुरू करताना मी वायरमनकडून तेवढं आधी करून घेतलं. खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, पट्टी, आणि घरात येताना करंट गळायला लागला की लाईन तोडणारा आरसीसीबी. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती हाताएवढ्या भेगा टाकते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. कोरड्या मातीतून करंट नीट उतरत नाही. मेमध्ये रोज दुपारी हात धुतलेलं पाणी मी त्या खड्ड्यातच ओतते.

व्होल्टेज कमी झालं तर लॅपटॉपला फारसं बिघडत नाही, त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. भीती उलट्या बाजूची. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज घुसू शकतं. बल्ब एकाएकी लख्ख पेटले, पंखा सुसाट फिरायला लागला, की कारण शोधत बसायचं नाही. मेन स्विच पाडायचा. मला मदत करायला येणाऱ्या पोरीला मी फॉर्म भरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं.

बॅटरीचंही लक्ष ठेवते. टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट मिटेना, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर आतली बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. जाणकाराकडून काढून घ्यायची. भंगारात कुटली गेली तर ती पेट घेते.

अडीच ते चार

बाहेर चाळिशी ओलांडलेली. आमचं छत पत्र्याचं, आत त्याहून जास्त. लॅपटॉप बनवणारे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत तो वापरा म्हणतात. त्यापुढे गेला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं पोर्टल अडकलं. दाराला ओलं गोणपाट लावते, चार्जर सावलीत मोकळा ठेवते, आणि या दोन तासांत शक्यतो हातकाम करते: अर्ज लावणं, झेरॉक्स जुळवणं, नोंदवही लिहिणं. पंख्याच्या जाळीत अडकलेली धूळ मऊ ब्रशने काढायचं कामही याच वेळी, लॅपटॉप बंद करून. गळीत हंगामात रानातलं पाचट पेटवतात तेव्हा काळी काजळी उडत घरात येते, त्या महिन्यांत हे आठवड्याला करावं लागतं.

संध्याकाळी पाच

पश्चिमेला आभाळ दाटून आलं. वळवाचा पाऊस. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं दामिनी अ‍ॅप मोबाईलमध्ये आहे, जवळ वीज पडण्याचा संभव असला की ते सांगतं. ते वाजलं किंवा गडगडाट ऐकू आला की मी चार्जर, प्रिंटर, राऊटर सगळ्यांचे प्लग भिंतीतून उपसते. नुसतं बटण बंद करून भागत नाही. स्पाईकगार्डवरही भरवसा नाही, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. रांगेतल्यांना सांगते, थांबा. एखादे आप्पा म्हणतात, "बॅटरीवर चालतोय ना, मग करा की." बॅटरीवर, एकही वायर न जोडता, काम करता येतं, पण कीबोर्ड, अंगठ्याचं मशीन, इंटरनेट असा सगळा पसारा असताना तेवढं बघत बसण्यापेक्षा अर्धा तास थांबलेलं बरं. त्या वेळात लिंबाखाली बाकावर बसलेल्यांना मी आत घेते. विजांच्या वेळी झाडाखाली कुणी बसायचं नाही.

साडेसहा ते आठ

कॉलेजातली पोरं येतात. पुण्याला कंपनीत लागलेला एखादा घरून काम करायला गावी आलेला असतो, त्याचं नेट गेलं की तोही लॅपटॉप काखेत मारून इथेच येतो. ओट्यावर भिंतीला टेकून, लॅपटॉप थेट मांडीवर. त्यांना मी उठवून टेबलाशी बसवते. २०१० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली होती: रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळायचा, मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडले. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या अंगावर असेच डाग उठतात. चटका बसण्याइतकी उष्णता त्यात नसते, म्हणून कळतही नाही.

बोलताना हात कुठे दुखतो ते विचारते. अंगठा, पहिलं आणि मधलं बोट बधिर होतं, रात्री हात झटकून जागं व्हावं लागतं, असं कुणी सांगितलं तर मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस काढू नको, हाडांच्या डॉक्टरला दाखव, असं बजावते. मनगटातली नस दाबली जातेय हे लवकर लक्षात आलं तर पट्ट्याने आणि सवय बदलून भागतं.

मला एक गोष्ट मनापासून खटकते. नवी योजना आली की आम्हा केंद्रचालकांचं प्रशिक्षण होतं. कुठलं बटण दाबायचं, कुठली फाईल किती केबीची हवी, सगळं सांगतात. तिथे हॉलमध्ये बसलेल्या बायांपैकी कितीतरी जणी मान धरून बसलेल्या असतात. त्यांना बसायचं कसं, अर्थिंग कसं तपासायचं, हे अर्ध्या तासात सांगता येईल, आणि त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. गेल्या वेळी मी उभं राहून तसं मागितलं. पुढच्या वेळीही मागणार आहे.

रात्री नऊ

हिशोब. दिवसाचं वॉलेट, रोख, उधारी. हे काम घरच्या माणसांत बसून, जमिनीवर बैठक मारून करावंसं वाटतं, तेव्हा जुनं मुनीमजींचं उतरतं डेस्क पुढ्यात घेते. सासऱ्यांनी गुळाच्या अडतीवर वापरलेलं. त्यावर वही बरोबर नजरेला येते. लॅपटॉप उघडत नाही; आकडे वहीत लिहून सकाळी चढवते. रात्री पोर्टल पुन्हा पळायला लागतं हे ठाऊक असतं, अकरा वाजता कुणाचा तरी फोनही येतो की ताई, आता चालू आहे बघा. त्याला मी साडेपाचची वेळ देते.

मग दहा मिनिटं पाठीवर आडवं, सतरंजीवर, गुडघे दुमडून. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उद्या सुतार येणार आहे. मदतीला येणाऱ्या पोरीची उंची माझ्याहून चांगली वीतभर जास्त, तिला माझा चौरंग ठेंगणा पडतो. तिच्यासाठी दुसरा, तिच्या भुवईचं माप घेऊन करायचाय.